ब्रेक ऑइल पूर्ण आहे, नळ्यांतली हवा दोनदा काढली, तरी जुन्या गाडीचं पेडल मऊच. मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ऑइलवर देणारा पंप) बदलावा का?

लगेच बदलू नका. तुम्ही लिहिलंय की पुढे डिस्क, मागे ड्रम आहेत, पॅड नवे आहेत आणि ऑइल कमी होत नाही. अशा वेळी पेडल कोणत्या प्रकारे मऊ आहे हे आधी ठरवावं लागतं. तोपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.

सपाट जागी चाकांना ठोकळे लावा, इंजिन बंद ठेवा. चार-पाच वेळा पेडल दाबून बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातला) व्हॅक्यूम संपवा. मग मध्यम जोराने पेडल दाबून मिनिटभर तसंच धरा.

पेडल हळूहळू खाली बसत गेलं आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतलं सील गेलंय. ऑइल सीलच्या कडेने मागे सरकतं, म्हणून टाकीतली पातळी तशीच राहते. हलक्या दाबानेही पाहा. जोरात दाबल्यावर झिजलेलं सील कधीकधी घट्ट बसतं आणि दोष लपतो. मास्टर सिलिंडर आणि बूस्टरच्या सांध्याखालीही बोट फिरवा. मागचं सील गळत असेल तर ऑइल बूस्टरमध्ये जातं, जमिनीवर थेंबही दिसत नाही.

पेडल बसत नाही, पण स्पंजासारखं दबतं आणि भराभर दाबल्यावर वर येत जातं, तर आत हवा आहे.

पहिल्यांदा खोल जातं आणि लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वरच कडक लागतं, तर संशय मागच्या ब्रेक शूवर (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांवर) घ्या. जुन्या गाड्यांत सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. आपोआप अंतर जुळवणारा अॅडजस्टर गंजून अडकतो, शू आणि ड्रममधली फट वाढते आणि पेडलचा निम्मा प्रवास ती फट भरण्यातच जातो. हँडब्रेक चार-पाच दाते ओढून पेडल पुन्हा दाबा. ते वर आलं तर निदान झालं. मात्र उपाय म्हणून हँडब्रेकची केबल आवळू नका. त्याने अॅडजस्टरचं काम आणखी बिघडतं. ड्रम काढा, अॅडजस्टर साफ करून मोकळा करा आणि चाक हाताने फिरवताना शू जेमतेम घासेल इतपत फट ठेवा. ड्रम उघडलाच आहे तर शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबरी बूट उचलून आत ओल आहे का तेही पाहा.

पेडल दाबून धरून इंजिन चालू केल्यावर ते थोडं खाली जातं. तो बिघाड नाही, बूस्टर काम करतोय इतकाच त्याचा अर्थ.

एवढ्यावरही उलगडा झाला नाही तर गोल जबड्याचे क्लॅम्प लावून सगळे रबरी होज (ऑइलच्या नळ्या) बंद करा. आता पेडल कडक लागलं तर मास्टर सिलिंडर ठीक आहे. एकेक क्लॅम्प सोडत जा. ज्या चाकाला पेडल मऊ होईल, दोष तिथे. होजला चिरा असतील तर क्लॅम्प लावू नका, होजच बदला. कुणाला तरी पेडल दाबायला सांगून होज फुगतो का हेही बघण्यासारखं आहे.

दोनदा काढूनही हवा राहते त्याचं एक साधं कारण म्हणजे डावा-उजवा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) अदलाबदल होणं. हवा काढायचं निपल खालच्या बाजूला आलं की वरची हवा निघतच नाही. एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर त्याच्या युनिटमधली हवा काढायला स्कॅनर लागू शकतो.

पुन्हा हवा काढाल तेव्हा पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात पिस्टन सिलिंडरच्या तळापर्यंत जात नाही, त्यामुळे तिथे गंज आणि मळ साठतो. पेडल पूर्ण खाली दाबलं की सील त्यावर घासून फाटतं. चाकांचा क्रम गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे घ्या, आणि ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचंच, सीलबंद डब्यातलं वापरा. उघड्या राहिलेल्या डब्यातलं ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रतीचं ऑइल नवं असताना निदान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, ओलावा धरल्यावर हाच आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. मग लांबच्या उतारावर ब्रेक तापले की ऑइलची वाफ होते आणि पेडल एकदम जमिनीला टेकतं.