पत्र मुलीविषयी, उत्तर तुम्हाला

गोव्यातल्या म्हार्दोळहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. फुलवाल्यांना लागणारं सामान ते घरीच तयार करतात: पुष्पचक्रांची तारेची कडी, बांबूच्या परड्या, हारांचे गोंडे, फुलं खोचायला कापून दिलेला हिरवा फोम. मुलगी बारावी सायन्सला ७४ टक्के मिळवून पास झाली. तिला बीबीए, मग एमबीए करवून त्यांना धंदा मुंबई-बंगळूरला न्यायचा आहे. कॉलेज कुठलं घ्यावं, असं त्यांनी विचारलंय.

कॉलेजचं नंतर बोलू. तुमची दोन वाक्यं माझ्या मनातून जात नाहीत. एक, "पेपर चालू असतानाही रात्री बारापर्यंत कडी वळायला बसायची, गुणी पोर." दुसरं, "मधेच बॉटनीत बीएस्सी करते म्हणते, पण वयच तसं."

पहिलं वाक्य तुम्ही कौतुकानं लिहिलंत. मला ते वाचून वाईट वाटलं. तिचे ७४ टक्के त्या रात्री वजा जाऊन आलेले आहेत. आणि बॉटनीचं ती मधेच म्हणाली असेल, तर सलग बोलायला तिला कोणी बसवलंच नसेल. दोन पानी पत्रात तिची इच्छा एवढ्या अर्ध्या ओळीत आली आहे, तीही खोडून काढण्यासाठी.

एमबीए झालेली मुलगी घरचा धंदा वाढवते, हा समज मला अनेक घरांत भेटतो. तुमचा धंदा पदवीवाचून अडलेला नाही. पत्रात उलाढाल आहे. एका कड्यामागे किती सुटतं, ते नाही. तार, टेप, पणजी-मडगावची गाडी, सगळं धरलंत, घरच्यांची मजुरी मात्र शून्य. मुलीची रात्र फुकट धरली म्हणून तुमचं कडं स्वस्त पडतं. हा हिशेब घेऊन बंगळूरला गेलात तर जितकी ऑर्डर मोठी, तितका तोटा मोठा. आधी वाड्यावरच्या एखाद्या बाईला रोजंदारी देऊन कामाला घ्या आणि मग भाव ठरवा.

मालाकडेही बघा. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. तुमचा हिरवा फोमसुद्धा प्लास्टिकच. तो कुजत नाही, त्याचा चुरा पाण्याबरोबर वाहून जातो. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं आपल्या प्रदर्शनांतून तो हद्दपार केला आहे. बांबू आणि तार तुमच्या हातातली आहे. पावसाळ्यात लग्नं कमी असतात, तेव्हा काथ्या आणि तारेच्या जाळीचे फुलं धरणारे साचे करून पाहा. २ नोव्हेंबरच्या, ख्रिस्ती मृतांच्या स्मरणदिनाच्या पुष्पचक्रांची धांदल सुरू होण्याआधी चार डेकोरेटरांना नमुने दाखवा. लहान उद्योगांच्या सरकारी 'उद्यम' नोंदणीला पैसे लागत नाहीत. कर्ज घ्यायचं ते मागणी कळल्यावर, आधी नको.

हे सगळं तुमचं काम आहे, तिचं नव्हे. तिला बीएस्सी करू द्या. एमबीएची प्रवेशपरीक्षा कॅट कुठल्याही पदवीनंतर देता येते, त्यामुळे तिनं पुढे मन बदललं तरी वाट बंद होत नाही. फक्त "बॉटनीचा धंद्याला काय उपयोग?" असं तिला विचारू नका.

आणि तिला मला लिहावंसं वाटलं तर लिहू द्या. ते पत्र तुम्ही आधी वाचू नका.