फ्रीझरमधील निकोटीन

प्रश्न : अमेरिकेहून परतलेल्या माझ्या भाच्याने व्हेपचे (ई-सिगारेटमध्ये भरायचे) मिश्रण घरी करण्यासाठी द्रव निकोटीनची १२० मि.ली.ची बाटली आणली असून ती आमच्याच फ्रीझरमध्ये ठेवली आहे. बाटलीवर ‘प्रति मि.ली. १०० मि.ग्रॅ.’ असे छापलेले आहे. हा द्रव अनेक वर्षे टिकतो, असे तो म्हणतो. ते खरे आहे का? घरात पाच वर्षांची नात आहे.
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : टिकण्यापुरते बोलायचे तर आपल्या भाच्याचे म्हणणे बरोबर आहे. उष्णता, उजेड आणि हवेतील ऑक्सिजन यांमुळे निकोटीनचे ऑक्सिडीकरण होते आणि रंगहीन वा फिकट पिवळा द्रव हळूहळू तपकिरी होत जातो. उणे १८ अंशांच्या आसपास ही क्रिया फार मंदावते. प्रॉपिलीन ग्लायकोल किंवा ग्लिसरीन या द्रावकांमध्ये विरघळवलेले निकोटीन तेथे गोठूनही बसत नाही, फक्त दाट होते. मात्र बाटली गडद काचेची, घट्ट झाकणाची आणि गळ्यापर्यंत भरलेली हवी. प्लॅस्टिकमधून ऑक्सिजन थोडाथोडा आत शिरतो आणि ड्रॉपरचे रबर कालांतराने खराब होते. शिवाय ठाण्याच्या दमट हवेत थंड बाटली लगेच उघडली, तर बाष्प आत जाते आणि हे दोन्ही द्रावक पाणी शोषून घेतात. रंगावरून तीव्रतेचा अंदाज करणे तर सर्वथा चुकीचे आहे.

तथापि आपल्या घरात टिकण्यापेक्षा विषारीपणाचा प्रश्न मोठा आहे. या एका बाटलीत १२ ग्रॅम निकोटीन आहे. प्रौढ माणसाला ६० मि.ग्रॅ. प्राणघातक ठरते, असे जुनी पुस्तके सांगत; २०१४ मध्ये ऑस्ट्रियातील औषधशास्त्रज्ञ बर्न्ड मायर यांनी तो आकडा तपासून अर्धा ते एक ग्रॅम ही मर्यादा अधिक सयुक्तिक ठरवली. ही वाढवलेली मर्यादा धरली, तरी चहाच्या एका चमच्यात, म्हणजे ५ मि.ली.मध्ये, अर्धा ग्रॅम निकोटीन येते आणि लहान मुलाला त्याहून कितीतरी कमी पुरते. निकोटीन त्वचेतूनही शरीरात जाते. तंबाखूची ओली पाने खुडणाऱ्या मजुरांना मळमळ, उलट्या आणि चक्कर येते ती यामुळेच. ज्या फ्रीझरमध्ये नातीचे आइस्क्रीम आणि घरची मासळी असते, तेथे अशी बाटली नसावी, मग ती कितीही उत्तम साठवलेली असो.

कायद्याचेही पाहावे. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री आणि साठवण यांवर बंदी आहे. जागेचा मालक किंवा ताबेदार जाणूनबुजून तेथे साठा करू देत असेल, तर त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. व्याख्या मुख्यतः उपकरणाभोवती बेतलेली असल्याने सुट्या बाटलीबद्दल वकील वाद घालतील; तो वाद आपण आपल्या फ्रीझरवर ओढवून घेऊ नये.

बाटली घराबाहेर जाईपर्यंत कुलूपबंद ठेवावी आणि हाताळताना नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) हातमोजे घालावेत. ती बेसिनमध्ये ओतू नये. झाकण पक्के लावून घरगुती घातक कचरा म्हणून वेगळी द्यावी. अंगावर सांडल्यास कपडे काढून भरपूर पाण्याने धुवावे. पोटात गेल्यास उलटी करवू नये, लगेच १०८ ला फोन करावा आणि बाटली डॉक्टरांना दाखवावी. भाच्याला सिगारेट सोडायची असेल, तर २ मि.ग्रॅ.चा निकोटीन गम औषधाच्या दुकानात मिळतो आणि १८००-११२-३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत समुपदेशन होते.