बाबांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघालाय, डॉक्टर एमएसआय आणि केआरएएस टेस्ट सांगतायत, खरंच गरज आहे का?

हो, करून घ्याच, पुढची औषधं ठरवायला दोन्ही कामाच्या आहेत. परत बायोप्सी बहुतेक लागत नाही, आधीच्या तुकड्याचा मेणातला ब्लॉक लॅबमध्ये असतो तोच मागून घ्या.

एमएसआय म्हणजे पेशीतली डीएनए दुरुस्ती बिघडलीये का ते बघणं. साध्या पद्धतीत स्लाइडवर ही दुरुस्ती करणाऱ्या चार प्रोटीनसाठी रंग देतात, कॅन्सरच्या पेशींचं केंद्रक तपकिरी झालं तर प्रोटीन आहे, निळंच राहिलं तर गायब. गायब असेल तर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं, चालायची शक्यता खूप वाढते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये असा बिघाड असलेल्या गुदाशयाच्या कॅन्सरच्या 12 पेशंटना सहा महिने नुसतं डोस्टार्लिमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दिलं आणि बाराही जणांची गाठ दिसेनाशी झाली, ना ऑपरेशन ना रेडिएशन, 2022 ला हे छापून आलं तेव्हा वाचून अंगावर काटा आला होता माझ्या. पण असे पेशंट थोडेच असतात, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला तर खचू नका, बाकीचे उपचार आहेतच.

केआरएएस या जीनचं उलटं आहे, त्यात म्युटेशन म्हणजे बिघाड असेल तर सेटुक्सिमॅबसारखं महागडं इंजेक्शन लागूच पडत नाही, कारण ते पेशीच्या वाढीचं वरचं बटण बंद करतं आणि बिघडलेल्या केआरएएसमुळे करंट खालून चालूच राहतो. आजार पसरलेला असेल तर ही टेस्ट जास्त महत्त्वाची.

आणि एमएसआयमध्ये बिघाड निघाला तर लिंच सिंड्रोमबद्दल नक्की विचारा, त्यात कॅन्सरचा धोका वाढतो आणि तो आनुवंशिक असतो, तो निघाला तर तुम्हा भावंडांनाही तपासणी लागेल.