पोकरच्या कॅश गेममध्ये प्री-फ्लॉप री-रेजचा ब्लफ कधी परवडतो?

तुमचा प्रश्न असा: सूटेड (एकाच रंगाच्या) एक्का-पंजी, सत्ती-छक्की अशा हातांनी तुम्ही फ्लॉपआधी, म्हणजे टेबलावरचे पहिले तीन सामाईक पत्ते येण्यापूर्वी, थ्री-बेट ब्लफ करता, म्हणजे समोरच्याने वाढवलेली रक्कम कमकुवत हातानेही पुन्हा वाढवता, पण एकतर कॉल येतो (तो तेवढीच रक्कम भरतो) नाहीतर फोर-बेट (तो आणखी वाढवतो), आणि हिशोब तोट्यातच राहतो. मग हात चुकीचे निवडताय का?

हात ठीक आहेत. माझ्या मते तुम्ही पत्त्यांकडे फार लवकर बघताय. या ब्लफमध्ये आधी समोरचा खेळाडू आणि त्याची जागा बघायची, मग रक्कम ठरवायची आणि पत्ते सर्वांत शेवटी. खालच्या सगळ्या रकमा बिग ब्लाइंडमध्ये आहेत (पत्ते बघण्याआधी भरायच्या दोन सक्तीच्या रकमांतली मोठी; लहान ती स्मॉल ब्लाइंड, तिच्या निम्मी), आणि वेगळं सांगितलेलं नसेल तिथे स्टॅक, म्हणजे खेळाडूसमोरचे एकूण पैसे, 100 धरलाय.

कटऑफने, म्हणजे बटनच्या लगेच आधीच्या जागेवरच्या खेळाडूने, 2.5 ला उघडलं (पहिल्यांदा रक्कम वाढवली) आणि तुम्ही बटनवर, म्हणजे फ्लॉपनंतर सर्वांत शेवटी खेळायच्या जागेवर, आहात. ब्लाइंडचे 1.5 धरून पॉटमध्ये (मधे जमलेल्या रकमेत) 4 आहेत. तुम्ही 8 केलेत, तर 4 मिळवायला 8 लावलेत. फक्त फोल्डच्या जोरावर हा ब्लफ फिटायचा असेल, तर 8 भागिले 12 म्हणजे 66.7 टक्के वेळा सगळ्यांनी पत्ते टाकायला हवेत. सगळ्यांनी म्हणजे मागचे दोन्ही ब्लाइंडसुद्धा, हे विसरलं जातं. स्मॉल ब्लाइंडमधून बटनविरुद्ध 10 केलेत तर 9.5 लावून 4 मिळवायचे असतात, म्हणजे 70 टक्के फोल्ड लागतात. बिग ब्लाइंडमधून 11 केलेत तर 71.

इतके फोल्ड फारसं कोणी करत नाही, म्हणून उरलेला वाटा फ्लॉपनंतर यावा लागतो. तो किती, हे मोजता येतं. वरच्याच उदाहरणात समजा 55 टक्के फोल्ड, 33 टक्के कॉल आणि 12 टक्के फोर-बेट. फोल्डमधून सरासरी 2.2 मिळाले, फोर-बेटवर पत्ते टाकून 0.96 गेले, म्हणजे 1.24 हाताशी राहिले. कॉल आला की पॉट 17.5 चा होतो. त्या पॉटमधला सरासरी 24 टक्के वाटा मिळाला तरी तुम्ही बरोबरीत. पोझिशनमध्ये (समोरच्याच्या नंतर खेळायच्या जागेवर) असलेल्या सूटेड हाताला हे जमतं. आता फोल्ड 35, कॉल 55, फोर-बेट 10 धरा. तोच हात, तीच रक्कम, पण आता पॉटचा जवळजवळ 40 टक्के वाटा लागतो. एक्का-पंजी घेऊन मधल्या जोड्या आणि एक्का-राणी यांच्यासमोर बसल्यावर तेवढा वाटा पदरात पडत नाही. तुमचा तोटा बहुधा याच फरकात आहे.

म्हणून खेळाडू निवडायचा तो जास्त हात उघडणारा आणि री-रेज आल्यावर त्यातले बरेच टाकणारा. दोन्ही गोष्टी एकत्र हव्यात. दोन पत्त्यांचे एकूण 1326 हात होतात. बटनवरून 40 टक्के उघडणाऱ्याकडे साधारण 530 हात असतात. त्यातले 180 घेऊन तो पुढे गेला तरी 66 टक्के वेळा फोल्ड. तोच खेळाडू पहिल्या जागेवरून 15 टक्के उघडतो तेव्हा त्याच्याकडे जेमतेम 200 हात असतात. त्यातले 90 त्याने राखले की फोल्ड 55 टक्क्यांवर येतात, आणि जे पुढे येतात ते सगळे तगडे. पहिल्या जागेवरून उघडणाऱ्यावर ब्लफ जवळजवळ करूच नका. ब्लफची खरी जागा कटऑफ, बटन आणि स्मॉल ब्लाइंडमधून उघडणाऱ्यांविरुद्ध.

ऑनलाइन खेळत असाल आणि ‘फोल्ड टू थ्री-बेट’चा (थ्री-बेट आल्यावर तो किती टक्के वेळा पत्ते टाकतो, त्याचा) आकडा दिसत असेल, तर तो किती संधींवर निघालाय ते आधी बघा. 20 पैकी 12 फोल्ड म्हणजे 60 टक्के खरे, पण इतक्या कमी संधींत खरं प्रमाण 40 ते 80 मध्ये कुठेही असू शकतं. 100 संधींनंतर ते 50 ते 70 पर्यंत आवळतं. शिवाय तो एकूण आकडा असतो. बटनवरून उघडल्यावरचा वेगळा दिसत असेल तर तोच वापरा.

आता पत्ते. ब्लफसाठी असा हात घ्या जो कॉल करायला थोडा कमी पडतो, पण अगदीच टाकाऊ नाही. कॉल करून फायदा देणारा हात ब्लफमध्ये जाळू नका. बटनवर 99 किंवा सूटेड राणी-गुलाम असेल तर कॉल चांगला आहे. त्यांनी थ्री-बेट करून फोर-बेटवर टाकलेत, तर छान फ्लॉप बघायची संधी फुकट घालवलीत.

सूटेड एक्का-पंजी आणि एक्का-चव्वी यांचं नाव नेहमी पुढे येतं, आणि त्यामागे गणित आहे. समोरचा QQ, KK, AA आणि AK (Q राणी, K बादशहा, A एक्का) एवढ्यांनीच फोर-बेट करतो असं धरा. असे हात एकूण 34: तिन्ही जोड्यांचे सहा-सहा आणि AK चे 16. तुमच्या हातात एक एक्का आला की AA सहावरून तीनवर येतं, AK 16 वरून 12 वर. उरतात 27, म्हणजे फोर-बेटची शक्यता सुमारे पाचव्या हिश्शाने घटली. हातात बादशहा असला तरी हिशोब 27 चाच. सत्ती-छक्कीने मात्र 34 चे 34 राहतात. तिची ताकद कॉल आल्यानंतरची. एक्का-पंजीला फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते) आणि छोटी सरळ (लागोपाठचे पाच पत्ते) दोन्ही साधता येतात, आणि KK समोरसुद्धा तिला सुमारे 33 टक्के संधी असते.

किती ब्लफ करायचे, इथे हात मोजायची सवय लावा. सूटेड हात चार प्रकारे येतो, जोडी सहा आणि ऑफसूट (दोन वेगळ्या रंगांचा) बारा. ‘अधूनमधून K9 ऑफसूटनेही करतो’ म्हणताना तुम्ही तीन सूटेड हातांएवढे ब्लफ एका झटक्यात वाढवता. अर्ध्याच वेळा करायचं असेल तर रंगावर ठरवा: एक्का-पंजी बदाम किंवा इस्पिकची असेल तर थ्री-बेट, चौकट किंवा किलवरची असेल तर फोल्ड. मनावर सोडलंत तर हरत असताना ब्लफ वाढतात.

रक्कम पोझिशनमध्ये उघडलेल्याच्या तिप्पट किंवा थोडी वर, पोझिशन नसताना चौपट. मध्ये एखादा कॉल असेल तर प्रत्येक कॉलमागे उघडलेल्या रकमेएवढी आणखी भर. उघडणारा 3, कॉल करणारा 3 आणि ब्लाइंड मिळून पॉट 7.5, बटनवरून 12 केलेत तर 61.5 टक्के फोल्ड लागतात. ऐकायला सोपं वाटतं, पण दोघांचे फोल्ड गुणायचे असतात. पहिला 70 टक्के आणि दुसरा 85 टक्के टाकत असेल, तरी दोघांनी टाकण्याची शक्यता 59.5 च, आणि ब्लाइंड अजून मोजलेलेच नाहीत. ब्लफसाठी आणि AA साठी रक्कम एकच ठेवा. ब्लफला कमी लावण्याचा मोह लक्ष ठेवणाऱ्याला दोन तासांत कळतो.

स्मॉल ब्लाइंडचा नियम वेगळा. तिथून कॉल केला की पुढे सगळा हात पोझिशनविना खेळायचा, मागे बिग ब्लाइंड जागा, वर रेक (खेळ चालवणारा पॉटमधून कापतो ती रक्कम). म्हणून तिथून बहुतेक वेळा थ्री-बेट किंवा फोल्ड, आणि सूटेड बादशहा-दश्शीसारखे हातही री-रेजमध्ये येतात. फ्लॉप न येता संपलेल्या पॉटवर बहुतेक ठिकाणी रेक कापत नाहीत. लहान स्टेकवर, जिथे रेक जड असतो, तिथे ही बचत खरोखर जाणवते.

कॉल आल्यावर 17.5 च्या पॉटमध्ये 6 लावलेत तर फक्त 25.5 टक्के फोल्ड लागतात. एक्का किंवा बादशहा असलेल्या कोरड्या (बाकीचे पत्ते न जुळणाऱ्या) फ्लॉपवर हे बिनधास्त करा, कारण AA, KK, AK तुमच्याकडे जास्त वेळा असतात. आठ-सात-सहासारख्या जुळत्या फ्लॉपवर हात आवरा. तिथे मधल्या जोड्या आणि लागोपाठचे पत्ते कॉल करणाऱ्याकडे असतात.

समोरच्याचा स्टॅक 40 असेल तर ब्लफ सोडाच. तुम्ही 7.5 केलेत आणि त्याने ऑल-इन केलं (सगळा स्टॅक लावला), तर 81.5 च्या पॉटसाठी आणखी 32.5 द्यायचे, म्हणजे 40 टक्के संधी हवी. ती नसते, आणि 7.5 देऊन बाजूला व्हावं लागतं.

आणि ज्या टेबलावर कोणीच फोल्ड करत नाही, तिथे ब्लफचा कोटा शून्यावर आणा. त्याऐवजी TT, JJ (T दश्शी, J गुलाम), AQ, सूटेड AJ आणि सूटेड KQ यांनी थ्री-बेट करा, रक्कम एक-दोन ब्लाइंडने वाढवा, आणि कमकुवत एक्के घेऊन कॉल करणाऱ्यांना पैसे भरू द्या. एक्का-पंजी तिथे बटनवर स्वस्तात कॉल करण्यापुरती, नाहीतर सरळ फोल्ड.