पुंजी मोडण्यापूर्वी : एका डोळ्याच्या उपचाराचा हिशेब

वाचकाचा प्रश्न : आमच्या वीस महिन्यांच्या मुलीच्या डाव्या डोळ्यात फोटो काढताना पांढरी चकाकी दिसली आणि तपासणीत रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे दृष्टिपटलाचा (डोळ्याच्या आतल्या पडद्याचा) कर्करोग निघाला. उजवा डोळा स्वच्छ आहे. अहवालात डावा डोळा ‘ई’ गटातला, म्हणजे ‘अ’ ते ‘ई’ या पाच गटांपैकी सर्वांत गंभीर गटातला आहे, दृष्टिपटल पूर्ण सुटले आहे, डोळ्यातील दाब वाढला आहे आणि प्रकाशालाही प्रतिसाद नाही, असे लिहिले आहे. एमआरआयमध्ये गाठ डोळ्याबाहेर गेलेली दिसत नाही. आमच्या डॉक्टरांनी आठवड्याच्या आत डोळा काढण्याचा सल्ला दिला. दुसऱ्या एका रुग्णालयाने धमनीतून थेट डोळ्यात केमो देऊन डोळा वाचवण्याचा प्रयत्न करता येईल असे सांगितले; त्यासाठी दूरच्या शहरात राहावे लागेल. सगळी बचत मोडून, निवृत्तीनिधी काढून, वैयक्तिक कर्ज घेऊन आणि मी नोकरी सोडून हा दुसरा मार्ग धरावा असे मनात आहे. हप्ता वाचवण्यासाठी माझा मुदत विमाही बंद करणार आहे. सासरे त्यांच्या निवृत्तीची रक्कम देऊ करत आहेत. आम्हाला चार वर्षांचा एक मुलगाही आहे. पैशाची जुळवाजुळव कशी करावी?

उत्तर : आपण जुळवाजुळवीची पद्धत विचारली आहे. ती मी सांगणारच आहे, पण त्याआधी एका गोष्टीची आठवण करून देणे माझे कर्तव्य आहे. डॉक्टरांनी आठवड्याची मुदत दिली आहे, आणि वैयक्तिक कर्ज मंजूर होणे, निवृत्तीनिधीचा अर्ज निकाली निघणे, दूरच्या शहरात राहण्याची सोय होणे या तिन्ही गोष्टी आठवड्यात जुळतीलच याची खात्री नसते. पूर्वी अशाच एका कुटुंबाला मुदत ठेव कोणत्या क्रमाने मोडली तर व्याजाचे नुकसान कमीत कमी होईल याचा सुबक तक्ता मी करून दिला होता, आणि त्या तक्त्याप्रमाणे वागण्यात त्यांचे जवळजवळ दोन आठवडे गेले. त्या दोन आठवड्यांनी आजारात काय फरक पडला हे कोणालाच सांगता येणार नाही, पण वाचवलेल्या व्याजाचा आनंद मला तेव्हाही झाला नाही आणि आजही होत नाही. म्हणून ठेव मोडायची असेल तर आजच मोडावी आणि दंडाच्या टक्क्याकडे पाहू नये.

कोणता उपचार घ्यावा हे ठरवण्याचा अधिकार माझा नाही. तो डॉक्टरांचा आणि आपला आहे. मात्र एवढ्या मोठ्या रकमेतून नेमके काय विकत मिळणार आहे, हे विचारणे माझ्या कामाचाच भाग आहे, आणि ते विचारायचे तर उपचारांची थोडी ओळख करून घ्यावी लागते. हा कर्करोग बहुधा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो आणि डोळ्यापुरता मर्यादित असताना योग्य उपचार मिळाले तर बहुतेक मुले पूर्ण बरी होतात. अगदी लहान गाठी लेसरने किंवा अतिशीत उपचाराने नष्ट करतात, काही निवडक गाठींवर किरणोत्सर्गी चकती डोळ्याच्या बाहेरून काही दिवस बसवतात, आणि मोठ्या किंवा दोन्ही डोळ्यांतील गाठींसाठी शिरेवाटे केमो देतात, ज्याची साधारणपणे महिन्याच्या अंतराने सहा आवर्तने होतात. आपल्याला सुचवलेला धमनीचा मार्ग याहून वेगळा आहे. मुलाला भूल देऊन मांडीतील धमनीतून केसासारखी बारीक नळी डोळ्याच्या धमनीपर्यंत नेतात आणि मेल्फलानसारखे औषध थेट तिथे सोडतात. थेट डोळ्याच्या धमनीत नळी नेण्याची ही पद्धत 2006 पासून न्यूयॉर्कमधील डॉक्टरांनी रूढ केली आणि तिच्यामुळे, पूर्वी काढावे लागले असते असे अनेक डोळे आज जागेवर आहेत. ही पद्धत खोटी आशा विकते असे माझे म्हणणे मुळीच नाही. तिचा सर्वांत मोठा लाभ ‘ड’ गटातील डोळ्यांना, म्हणजे गाठ मोठी आहे पण डोळ्याची रचना अजून शाबूत आहे अशांना झाला आहे.

आपल्या मुलीचा डोळा त्या गटात नाही, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाचे मर्म इथेच आहे. दृष्टिपटल पूर्ण सुटलेले, दाब वाढलेला, प्रकाशाची जाणीव नाही : अशा डोळ्यासाठी जगभर डोळा काढणे हाच प्रस्थापित उपचार मानतात. त्याचे कारण केवळ दृष्टी गेली एवढेच नाही. या आजारात सुईने तुकडा काढून तपासत नाहीत, कारण त्या सुईच्या वाटेने पेशी डोळ्याबाहेर पसरू शकतात. त्यामुळे गाठ दृष्टीच्या नसेत किंवा डोळ्याच्या आतील रक्तवाहिन्यांच्या थरात किती खोल शिरली आहे, हे डोळा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच खात्रीने कळते. एमआरआयला सूक्ष्म प्रसार दिसेलच असे नाही. ‘ई’ गटातील डोळ्याला आधी केमो देऊन तो काढण्यास तीन महिन्यांहून अधिक उशीर केला तेव्हा मृत्यूचे प्रमाण वाढलेले अभ्यासात दिसले आहे. डोळ्यात थेट दिलेले औषध शरीरात इतरत्र गेलेल्या पेशींना आवर घालण्यासाठी पुरेसे नसते, हेही ध्यानात घ्यावे.

म्हणून दुसऱ्या रुग्णालयाला आजच फोनवर एक प्रश्न विचारावा : डोळा वाचला तर त्यातून मुलीला दिसेल का? ‘दिसणार नाही’ किंवा ‘सांगता येत नाही’ असे उत्तर आले, तर आपली सगळी पुंजी दृष्टीसाठी नव्हे, न दिसणारा डोळा जागेवर राहावा यासाठी लागणार आहे. त्यालाही मोल आहे, हे मी नाकारत नाही. तान्ह्या लेकीचा डोळा काढण्याच्या संमतीपत्रावर सही करणे काय असते, हे हिशेबाच्या वहीत मांडता येत नाही. पण त्या मोलासाठी जिवाचा धोका वाढत असेल, तर पैसा भरपूर असता तरी तो तिथे घालावा असे मी म्हटले नसते.

आता हिशेब. आपण पाठवलेल्या रकमा इथे न देता मी त्या आपल्या एका महिन्याच्या घरखर्चाच्या मापात मांडतो, म्हणजे त्यांचा अर्थ लवकर कळेल. आपल्याकडे तात्काळ मोडता येईल अशी बचत 16 महिन्यांची आहे आणि निवृत्तीनिधी 30 महिन्यांचा. शस्त्रक्रिया, खोबणीत बसवायचा गोळा आणि पहिला कृत्रिम डोळा यांचा आपल्याला सांगितलेला खर्च अडीच महिन्यांचा आहे. पॅथॉलॉजीच्या अहवालात गाठ खोलवर गेलेली आढळली तर पुढे शिरेवाटे केमो लागेल, त्याचे पाच महिने धरावेत. पहिल्या वर्षी भूल देऊन होणाऱ्या तपासण्यांचे दोन महिने, जनुकीय तपासणीचा अर्धा महिना, आणि आपल्या पत्नी सहा महिने बिनपगारी रजेवर गेल्या तर त्यांचा पगार घरखर्चाच्या निम्मा असल्यामुळे आणखी तीन महिने. सगळे वाईटात वाईट धरूनही बेरीज 13 महिन्यांची होते, आणि कर्ज न काढता, निवृत्तीनिधीला हात न लावता तीन महिन्यांचा खर्च शिल्लक राहतो.

दुसऱ्या मार्गात धमनीतील केमोच्या तीन फेऱ्यांचे 14 महिने, दूरच्या शहरातील मुक्कामाचे व प्रवासाचे तीन, आणि रजा, तपासण्या व जनुकीय चाचणीचे मिळून साडेपाच, म्हणजे साडेबावीस महिने. इथेच बचत संपून साडेसहा महिन्यांचे कर्ज होते, आणि यात आपण सोडलेला पगार धरलेलाच नाही. एवढे करून शेवटी डोळा काढावाच लागला आणि पुढे केमोही लागला, तर बेरीज 30 महिन्यांवर जाते. तूट 14 महिन्यांची, म्हणजे निवृत्तीनिधीचा जवळजवळ निम्मा भाग. आपण पाठवलेल्या हिशेबात या शेवटच्या शक्यतेसाठी एकही रकाना नव्हता. घाबरलेला माणूस पहिल्या बिलापुरताच विचार करतो, त्यात आपला दोष नाही.

जनुकीय चाचणीचा अर्धा महिना मात्र काहीही झाले तरी खर्च करावा, आणि त्याची तयारी शस्त्रक्रियेच्या आधी करावी. हा आजार जवळजवळ नेहमीच तेराव्या गुणसूत्रावरील आरबी1 या जनुकातील बिघाडामुळे होतो. एकाच डोळ्यात आजार असलेल्या मुलांपैकी साधारण 15 टक्के मुलांत तो बिघाड शरीराच्या सर्व पेशींत असतो. तसे असेल तर उजव्या डोळ्यातही गाठ होऊ शकते, पुढील आयुष्यात हाडांचे व अन्य काही कर्करोग होण्याची शक्यता वाढते, आणि अशा मुलांना बाहेरून किरणोपचार देणे शक्य तितके टाळतात. बिघाड केवळ गाठीतच आहे आणि रक्तात नाही असे निघाले, तर पुढच्या तपासण्यांचा भार बराच हलका होतो. मोठ्या मुलाच्या बाबतीतही तसेच : त्याचे डोळे या आठवड्यातच तपासून घ्यावेत, पण बहिणीच्या रक्तात बिघाड नसेल किंवा तिच्यात सापडलेला बिघाड त्याच्यात नसेल, तर त्याला वारंवार तपासणीला नेण्याची गरज उरत नाही. ही तुलना नीट व्हावी यासाठी काढलेल्या गाठीतील ताजा तुकडा जपून ठेवावा लागतो, आणि ते शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी लेखी सांगून ठेवावे. माझ्या पाहण्यातील दोन कुटुंबांत हे राहून गेले आणि मग मोघम उत्तरावर वर्षानुवर्षे तपासण्यांचा खर्च चालू राहिला.

कृत्रिम डोळ्याविषयी आपण ‘एकदाच लागणारा खर्च’ असे लिहिले आहे, ते तसे नसते. शस्त्रक्रियेत खोबणीत गोळा बसवून त्याला डोळ्याचे स्नायू जोडतात आणि वर पारदर्शक कवच ठेवतात. साधारण सहा आठवड्यांनी जखम भरली की तंत्रज्ञ साचा घेतो आणि मुलीला समोर बसवून, तिच्या उजव्या डोळ्याकडे पाहत पाहत बुबुळाचा रंग हाताने रंगवतो. मूल वाढते, खोबण वाढते, त्यामुळे हा डोळा काही वर्षांनी बदलावा लागतो आणि मधूनमधून घासून चकचकीत करून घ्यावा लागतो. यासाठी स्वतंत्र छोटा निधी काढून दरमहा थोडी रक्कम त्यात टाकावी. त्यातूनच न फुटणाऱ्या काचेचा चष्मा घ्यावा, नंबर नसला तरीही, कारण उरलेल्या डोळ्याला इजा होऊ न देणे हा यापुढे घरातील सर्वांत स्वस्त विमा आहे.

नोकरी सोडू नये. आपला समूह विमा नोकरीवर अवलंबून आहे, आणि निदान झाल्यानंतर मुलीसाठी नवी आरोग्य विमा पॉलिसी मिळणे अवघड असते. मिळाली तरी हा आजार वगळलेला असण्याची शक्यता मोठी. रजा घ्यावी, पगार कमी होऊ द्यावा, पण राजीनामा देऊ नये. विमा कंपनीकडून पूर्वमंजुरी मागताना कर्करोगाच्या उपचाराला उपमर्यादा (ठरावीक रकमेपर्यंतच पैसे देण्याची अट) आहे का, आनुवंशिक आजार वगळलेले आहेत का, आणि खोबणीतील गोळा व कृत्रिम डोळा दाव्यात बसतात का, हे लेखी विचारावे. मुदत विमा बंद करण्याचा विचार तर सोडूनच द्यावा. ज्या घरात एका मुलाला पुढची अनेक वर्षे तपासण्या लागणार आहेत, त्या घरातील कमावत्या माणसाचे विम्याचे कवच आता आधीपेक्षा अधिक गरजेचे आहे.

आपल्या मुलीच्या दोन्ही डोळ्यांत आजार असता, किंवा हा डोळा ‘ड’ गटात असून त्यात दृष्टीची आशा असती, तर हेच आकडे समोर ठेवून मी वेगळे उत्तर दिले असते. तेव्हा निवृत्तीनिधीचा काही भाग काढायलाही मी सांगितले असते, कारण तेव्हा त्या पैशाने दृष्टी विकत मिळण्याची खरी शक्यता असती. म्हणून दुसऱ्या रुग्णालयातील डॉक्टरांनी डोळ्याचा गट वेगळा ठरवला असेल, तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावावे. तेवढा एक दिवस खुशाल खर्च करावा.

सासऱ्यांची रक्कम सध्या घेऊ नये. त्यांना सांगावे की ती त्यांच्याच ठेवीत राहू दे, पॅथॉलॉजीचा अहवाल आल्यावर केमो लागला आणि विम्याने दावा नाकारला तरच मागू. आणि मागावी लागलीच, तर ती उसनी आहे की दिलेली, हे मेहुण्यांच्या देखत एका कागदावर लिहून घ्यावे.