लिनक्स मिंट 21 मध्ये ऑडॅसिटी 2.4.2 च दिसतंय, नवी आवृत्ती घेऊ का?

मावशींच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायच्यात, शेजारी यंत्रमाग आहेत, आणि आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर ऑडॅसिटी जुनंच ठेवावं, नवं घ्यावं की सरळ आर्डोर हे मोठं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर शिकावं, असं तुम्ही विचारलंय.

नवं घ्या. मिंट 21 हे उबंटू 22.04 वर बेतलेलं आहे, त्यामुळे त्याच्या सॉफ्टवेअर भांडारात 2.4.2 च राहणार. ऑडॅसिटीच्या साइटवरून 3.7 मालिकेतली ॲपइमेज (इन्स्टॉल न करता थेट चालणारी फाइल) उतरवा, फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये चालवण्याची परवानगी द्या, झालं. 2021 मध्ये म्यूज ग्रुप या कंपनीने ऑडॅसिटी घेतलं तेव्हा हेरगिरीची बरीच ओरड झाली होती. पण टेलिमेट्रीचा, म्हणजे वापराची माहिती गोळा करण्याचा, तो बेत विरोधानंतर लगेच मागे घेतला गेला. त्या भीतीने अडून बसू नका.

3.2 पासून इफेक्ट ऐकता ऐकता लावता येतात आणि नको वाटला की काढता येतात, मूळ आवाजाला धक्का लागत नाही. नॉइज रिडक्शन, म्हणजे मागचा गोंगाट कमी करणारा इफेक्ट, मात्र त्यात मोडत नाही. ते थेट आवाजावरच चालतं, म्हणून आधी ट्रॅकची एक प्रत काढून ठेवा.

आता मागाचं. मागांच्या शेजारी राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, पण कुठलीही नवी आवृत्ती तो खटखटाट काढून देणार नाही. नॉइज रिडक्शन एकसुरी आवाजासाठी आहे. एप्रिल-मेच्या उन्हात पंखा बंद करा असं मावशींना सांगायची कुणाची छाती नाही, तर पंख्याची घरघर चालेल: ओवी सुरू होण्याआधी दोन-चार सेकंद सगळे गप्प बसा, तेवढाच तुकडा निवडून नॉइज प्रोफाइल (गोंगाटाचा नमुना) घ्या, मग पूर्ण ट्रॅकला लावा. साधारण 12 डेसिबल पुरतात. जास्त ओढलंत तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. मागाचे ठोके असे जात नाहीत. माग बंद असतील ती वेळ गाठा आणि माइक मावशींच्या जवळ ठेवा.

आर्डोर उत्तमच आहे, पण ते तबला, पेटी, गायक वेगवेगळ्या माइकवर घेणाऱ्यांसाठी. एका आवाजाला एवढा पसारा कशाला?

एक लक्षात असू द्या: 3.0 पासून प्रोजेक्टची फाइल बदलली, ती 2.4.2 मध्ये उघडत नाही. नातेवाइकांना पाठवताना प्रोजेक्ट नको, फ्लॅक (दर्जा न घटवणारी ऑडिओ फाइल) करून पाठवा.