पुराच्या कादंबरीत पूर कधी आणावा?

तुम्ही विचारलंय: पुरात बुडणारं गाव, दोन मैत्रिणी आणि एक मुलगा, अशी किशोर कादंबरी लिहिताना पूर कितव्या प्रकरणात आणू आणि शेवटी जोडी जुळवू का?

पूर लवकर आणा आणि लवकर ओसरू द्या. पोहत जाऊन मुलीला वाचवणारा मुलगा मात्र नको. वेगाने वाहणारं पाणी जेमतेम 15 सेंटीमीटर असलं तरी मोठ्या माणसाचे पाय सुटू शकतात. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. असं धाडस मुलांच्या पुस्तकात शूरपणा म्हणून दाखवू नये.

मी पंधरा वर्षांची असताना आमच्या गल्लीत पाणी शिरलं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, माझी जिवलग मैत्रीण त्याच इमारतीत तळमजल्यावर. पाणी आधी दारातून आलंच नाही. तिच्या न्हाणीच्या मोरीतून बुडबुडे काढत वर आलं. नदी चढली की गटारं उलटी वाहू लागतात, हे तेव्हा आम्हाला कुठे माहीत! हाताला लागेल ते घेऊन ते चौघं आमच्याकडे आले.

चार रात्री आम्ही दोघी एका पांघरुणात झोपलो. मोबाइलचे टॉवर बंद पडलेले, त्यामुळे आम्हा दोघींना आवडणाऱ्या मुलाची काहीच खबर नव्हती. त्याच्याबद्दल कुजबुजत रात्री काढल्या. मला ते दिवस सुखाचे वाटले. तिलाही तसंच वाटत असणार, असं मी धरून चालले.

पाणी ओसरलं. गाळ वाळला की घट्ट बसतो, ओला असतानाच खरवडावा लागतो. तो मुलगा फावडं घेऊन रोज तिच्याकडे येऊ लागला. मी जिन्यातून बघत राहायचे. तिसऱ्या दिवशी खाली जाऊन म्हणाले, "मला एका शब्दाने सांगितलं नाहीस." ती फुगून चिकटलेल्या वहीची पानं सोडवत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझं घर कोरडं आहे गं." त्यानंतर आम्ही बोललो नाही.

दादा आजही म्हणतो, "चार दिवस ठेवून घेतलं, वर बोलणी खाल्ली. पुरात सगळे सारखेच असतात." नाही रे दादा. पाण्याची खूण तिच्या भिंतीवर खांद्याएवढी होती, आपल्या भिंतीवर नव्हतीच. आपण आसरा दिला, आणि तिने आधीसारखंच हसावं असा हट्ट मी धरला. ती चुकली नव्हती.

म्हणून तुमच्या तिघांपैकी कोण कितव्या मजल्यावर राहतं, ते लिहायला बसण्याआधी ठरवा. मत्सर, भांडण, प्रेम सगळं तिथूनच येईल. ओसरल्यानंतरचे आठवडेही गाळू नका. गाळात जखमी पायाने काम केलं तर लेप्टोस्पायरोसिस हा जंतूंमुळे येणारा तापाचा आजार होऊ शकतो आणि ताप दोन दिवसांनी येतो तसा चार आठवड्यांनीही येतो.

हे सगळं हळूहळू चढणाऱ्या नदीबद्दल सांगतेय. ढगफुटीचा लोंढा काही तासांत येऊन जातो, तिथे चार रात्रींचा मुक्काम बसणार नाही.

जोडीचं तुम्ही ठरवा. त्या दोन मैत्रिणींना मात्र एकदा समोरासमोर आणा, आणि वरच्या मजल्यावरचीला आधी बोलू द्या.